जीवकाच्या दारातील रांग : विनयपिटक आणि आरोग्यसेवेतील नीतितज्ज्ञाचे दायित्व

आजच्या मोठ्या रुग्णालयांत वैद्य, परिचारिका आणि औषधनिर्माते यांच्या जोडीला आणखी एका व्यक्तीचा प्रवेश झाला आहे. ती रोग्याची नाडी पाहत नाही, शस्त्रक्रिया करीत नाही, औषधही देत नाही. अमुक उपचार करणे योग्य की अयोग्य, रोग्याची संमती खरी की केवळ कागदावरची, साधने अपुरी असतील तर ती कोणाला आधी द्यावीत, अशा प्रश्नांवर मत देणे हे तिचे काम. तिला आरोग्यसेवेतील नीतितज्ज्ञ असे म्हणतात. पाश्चात्त्य देशांत हा स्वतंत्र व्यवसाय झाला असून आपल्या देशात तो मुख्यतः रुग्णालयांच्या आणि संशोधनसंस्थांच्या नीतिसमित्यांतून वावरताना दिसतो.

या नव्या व्यावसायिकाविषयी एक जुना प्रश्न विचारणे आवश्यक आहे. हा माणूस कोणाचा? ज्या संस्थेच्या सभागृहात तो बसतो तिचा, ज्या वैद्याला तो सल्ला देतो त्याचा, की सभागृहाच्या बाहेर बाकावर ताटकळत बसलेल्या रोग्याचा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही विनयपिटकाकडे वळत आहोत. विनयपिटक हा केवळ भिक्षूंच्या आचारनियमांचा संग्रह आहे, असा समज बराच रूढ आहे. वस्तुतः ते प्रसंगांचे आणि निर्णयांचे दफ्तर आहे. तेथे प्रत्येक नियमामागे एक घडलेली गोष्ट आहे आणि त्या गोष्टींपैकी कितीतरी रोगी, वैद्य आणि शुश्रूषा यांच्याविषयी आहेत.

मगधातील साथ

महावग्गाच्या पहिल्याच खंधकात एक प्रसंग आला आहे. मगध देशात कुष्ठ, गंड, किलास म्हणजे त्वचेवरील चट्टे, शोष आणि अपस्मार या पाच रोगांचा एकाच वेळी प्रादुर्भाव झाला. त्या काळी राजगृहात जीवक कोमारभच्च हा विख्यात वैद्य होता. पुढे आठव्या खंधकात त्याचे चरित्र सविस्तर येते. सालवती गणिकेच्या पोटी जन्मलेले आणि उकिरड्यावर टाकून दिलेले हे मूल राजपुत्र अभयाने उचलून वाढविले. तक्षशिलेत सात वर्षे विद्या शिकून तो परतला आणि बिंबिसार राजाने त्याची नेमणूक स्वतःच्या, अंतःपुराच्या आणि बुद्धप्रमुख भिक्षुसंघाच्या सेवेसाठी केली.

साथीने गांजलेले लोक जीवकाकडे गेले. आमचे सर्व धन घ्या, आम्ही तुमचे दास होतो, पण आम्हांला बरे करा, अशी विनवणी त्यांनी केली. जीवकाने नकार दिला. राजा, अंतःपुर आणि संघ यांची सेवा त्याच्याकडे होती; इतरांसाठी त्याला सवड नव्हती. तेव्हा त्या लोकांनी विचार केला की या शाक्यपुत्रीय श्रमणांची स्थिती बरी आहे. आपण प्रव्रज्या घेतली तर भिक्षू आपली शुश्रूषा करतील आणि जीवक उपचार करील. त्याप्रमाणे ते संघात आले, बरे झाले आणि चीवर उतरवून परत गेले. भिक्षूंवर रोग्यांसाठी सतत अन्न आणि औषध मागत फिरण्याची पाळी आली, जीवकाकडून राजसेवेत कुचराई होऊ लागली. पुढे बरा होऊन गेलेला एक माणूस जीवकाच्या दृष्टीस पडला आणि सर्व उलगडा झाला. जीवकाने भगवंतांना विनंती केली आणि या पाच रोगांनी पीडित असलेल्यास प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला.

हा प्रसंग बहुधा घाईने वाचला जातो. कोणी त्यात संघाची शिस्त पाहतो, कोणी जीवकाची निष्ठा. काही टीकाकार तर यात रोग्यांविषयीची कठोरता पाहतात. आमच्या मते येथे थोडे थांबले पाहिजे. नियमाचे कारण न्याय्य होते. प्रव्रज्या हा दुःखमुक्तीचा मार्ग होय, औषध मिळविण्याची युक्ती नव्हे. आणि भिक्षेवर जगणारा संघ संपूर्ण मगधाचे रुग्णालय होऊ शकत नव्हता. परंतु नियमाने संघाचे द्वार मिटल्यावर बाहेर उभ्या असलेल्या माणसांचे काय झाले, हे ग्रंथ सांगत नाही. ज्यांनी चीवर धारण केले ते ढोंगी नव्हते. ते आजारी होते, आणि उपचाराकडे जाणारी दुसरी वाट त्यांना ठाऊक नव्हती. संघाने आपल्या मर्यादेत जे करता येईल ते केले. उरलेला प्रश्न संघाचा नव्हता, तो राज्याचा आणि समाजाचा होता. विनयधरांनी हा प्रसंग झाकून न ठेवता लोकांच्या विनवणीसह पूर्ण नोंदवून ठेवला, यातच त्यांची सचोटी आहे.

रुग्ण आणि गिलानुपट्ठाक

संघाच्या आत मात्र रुग्णाविषयीचा धर्म अत्यंत स्पष्ट होता. अतिसाराने ग्रासलेला एक भिक्षू आपल्याच मलमूत्रात पडलेला भगवंतांना आढळला. त्याच्याजवळ कोणी नव्हते. कारण विचारता त्याने सांगितले की आपण इतर भिक्षूंच्या उपयोगी पडत नाही, म्हणून ते आपली शुश्रूषा करीत नाहीत. भगवंतांनी स्वतः पाणी घातले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी डोक्याकडून व पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले. त्यानंतर भिक्षूंना एकत्र करून त्यांनी सांगितले की तुम्हांला येथे मायबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांना पाहिले पाहिजे. आणि ज्याला आपली सेवा करावीशी वाटते त्याने रुग्णाची सेवा करावी.

या प्रसंगातील सर्वांत महत्त्वाचा शब्द रुग्णाच्या तोंडी आहे. मी उपयोगी नाही, म्हणून मला कोणी पाहत नाही. उपयुक्ततेवरून शुश्रूषेचा हक्क ठरविण्याची वृत्ती भगवंतांनी येथे मुळापासून नाकारली. त्याचबरोबर जबाबदारीची साखळीही आखून दिली. उपाध्याय असेल तर त्याने, आचार्य असेल तर त्याने, शिष्य असेल तर त्याने आणि यांपैकी कोणीच नसेल तर संपूर्ण संघाने शुश्रूषा करावी. न केल्यास दुक्कट आपत्ती. म्हणजे अनाथ रुग्ण ही कोणाच्या दयेची बाब राहिली नाही, ते संघाचे कर्तव्य झाले.

पुढे गिलानुपट्ठाकाचे, म्हणजे शुश्रूषा करणाऱ्याचे, पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे, पथ्यापथ्य कळावे, त्याने मैत्रचित्ताने सेवा करावी, लाभाच्या आशेने नव्हे, मलमूत्र, थुंकी आणि ओकारी काढताना त्याला किळस वाटू नये, आणि वेळोवेळी धर्मकथेने त्याने रुग्णाला धीर द्यावा. रुग्णाचेही पाच गुण आहेत आणि त्यांत आपल्या आजाराची खरी स्थिती शुश्रूषकाला सांगणे याचा समावेश आहे. ज्ञान, निर्लोभता, अस्पृश्य न मानणारा हात आणि परस्परांतील सत्य, एवढ्या चार गोष्टींवर हे नाते उभे आहे. ज्या देशात मलमूत्र काढणे हे एका जातीच्या माथी जन्माने मारले गेले, त्या देशात हे काम सद्गुणांच्या यादीत बसविले गेले, याचे मोल आमच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. पुण्याजवळ प्लेगच्या साथीत मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन आलेल्या आणि त्याच रोगाने 10 मार्च 1897 रोजी देह ठेवलेल्या सावित्रीबाई फुले या आधुनिक महाराष्ट्रातील श्रेष्ठ गिलानुपट्ठाक होत.

तीन निवाडे

नीतितज्ज्ञाचे काम निवाड्याचे असते. विनयातील तीन निवाडे या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत.

पहिला निवाडा तिसऱ्या पाराजिकाचा. षड्वर्गीय भिक्षूंचे मन एका आजारी उपासकाच्या रूपवती पत्नीवर गेले. तो जिवंत असेपर्यंत ती आपल्याला मिळणार नाही, म्हणून त्यांनी त्याच्यापुढे मरणाची थोरवी गायिली. त्याने अपथ्य केले आणि तो मेला. हा स्वार्थ उघड आहे. परंतु त्याच विभागात दुसरे प्रकरण आहे. एका आजारी भिक्षूचे दुःख न पाहवून इतर भिक्षूंनी करुणेने त्याच्यापुढे मरणाची प्रशंसा केली आणि तो मेला. निर्णय तोच, पाराजिक. दुर्बलाच्या बिछान्याशी उभे राहणाऱ्याने आपल्या हेतूच्या चांगुलपणावर विसंबून राहू नये, हे यातून शिकावयाचे.

दुसरा निवाडा आकासगोत्त वैद्याचा. राजगृहात तो एका भिक्षूच्या भगंदरावर शस्त्रक्रिया करीत होता. भगवंत तेथे येताना पाहून त्याने त्यांना बोलाविले आणि रोग्याच्या अवयवाची थट्टा केली. भगवंत काही न बोलता परत फिरले, संघ एकत्र केला आणि गुह्यस्थानी व त्याच्या दोन अंगुळांच्या परिसरात शस्त्रकर्म करण्यास मनाई केली. तेथील त्वचा नाजूक असते, व्रण भरून येणे कठीण आणि शस्त्र चालविणेही कठीण, अशी कारणे देण्यात आली. नियमाला शरीरशास्त्राचा आधार आहे, पण त्याचे निमित्त वैद्याचे हसणे हे आहे. विवस्त्र पडलेल्या रोग्याची अप्रतिष्ठा ही भगवंतांना विनोदाची गोष्ट वाटली नाही.

तिसरा निवाडा वाराणसीच्या सुप्पिया उपासिकेचा. आजारी भिक्षूसाठी मांसरस देण्याचे तिने कबूल केले, परंतु त्या दिवशी बाजारात मांस मिळाले नाही. तिने स्वतःच्या मांडीचे मांस कापून दिले. भगवंतांनी तिच्या श्रद्धेची उपेक्षा केली नाही, पण दोष भिक्षूला दिला. कारण मांस कशाचे आहे याची त्याने चौकशी केली नव्हती. चौकशी न करता मांस सेवन करणे हीदेखील आपत्ती ठरली. आज आपण जी औषधे घेतो ती कोणाच्या शरीरावर प्रथम पारखली गेली, हे विचारण्याचे कर्तव्य या निवाड्यातून आपल्यावर येते.

हे निवाडे कोणी जपले, हेही स्मरणात ठेवावे. विनयधरांत अग्रगण्य ठरलेला उपाली हा शाक्यांचा न्हावी होता. शाक्यकुमारांचा अभिमान गळावा म्हणून त्याला त्यांच्या आधी प्रव्रज्या देण्यात आली आणि प्रथम संगीतीत विनयाविषयीचे प्रश्न त्यालाच विचारण्यात आले. नीतीचा निर्णय देण्याचा अधिकार जन्मावरून न ठरविणारी अशी दुसरी परंपरा प्राचीन भारतात क्वचितच सापडेल.

अशोकाचे उत्तर

मगधातील रांगेचा प्रश्न जेथे संघाने सोडला होता, तेथून तो सम्राट अशोकाने उचलला. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील त्याचा दुसरा शिलालेख सांगतो की आपल्या राज्यात सर्वत्र, तसेच चोड, पांड्य, सतियपुत, केरलपुत, ताम्रपर्णी आणि यवनराजा अंतियोक यांच्या प्रदेशांत, मनुष्यांची आणि पशूंची अशी दोन प्रकारची चिकित्सा चालू केली; जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या आणवून लावल्या; वाटांवर विहिरी खणल्या आणि झाडे लावली. आपल्या सोपाऱ्याला आठव्या आणि नवव्या लेखांचे तुकडे मिळाले आहेत; त्या अर्थी हा दुसरा लेखही एके काळी कोकणच्या किनाऱ्यावर कोरलेला असावा. राजवैद्याचे द्वार ज्यांना मिटले होते त्यांच्यासाठी राज्यानेच औषधाची तजवीज करावी, असा हा विचार आहे. भारतीय संविधानाच्या 47 व्या अनुच्छेदात सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य म्हणून नमूद झाले आहे. या दोहोंमध्ये बावीस शतकांचे अंतर आहे, विचाराचे नाही.

नव्या व्यवसायाचा जन्म

आधुनिक नीतितज्ज्ञाचा जन्म मात्र अपराधांच्या चौकशीतून झाला. जर्मनीतील नाझी वैद्यांनी छळछावण्यांतील कैद्यांवर केलेल्या प्रयोगांबद्दल न्युरेंबर्ग येथे 23 आरोपींवर खटला चालला आणि 1947 च्या निकालात मानवी प्रयोगांसाठी दहा सूत्रे सांगितली गेली. त्यांतील पहिले सूत्र व्यक्तीच्या स्वेच्छासंमतीचे. पण ज्या अमेरिकेने हा न्याय केला तिच्याच अलाबामा राज्यात, टस्कीगी येथे, 1932 पासून सरकारी आरोग्यखाते 399 उपदंशग्रस्त कृष्णवर्णीय पुरुषांचे केवळ निरीक्षण करीत होते. त्यांना खरा रोग सांगितला गेला नाही. 1947 च्या सुमारास पेनिसिलीन हे सर्वमान्य औषध झाल्यावरही ते त्यांना देण्यात आले नाही. बदल्यात त्यांना मिळत होती ती मोफत तपासणी, जेवण आणि अंत्यविधीच्या खर्चाची हमी. 1969 मध्ये तज्ज्ञांच्या बैठकीत हा विषय निघाला, तेव्हाही प्रयोग चालू ठेवण्याचेच ठरले. त्या बैठकीत त्या चारशे घरांचा एकही माणूस नव्हता. 1972 मध्ये वृत्तपत्रांनी वाचा फोडल्यावर हा प्रकार थांबला, 1974 मध्ये कायदा झाला आणि 1979 च्या बेलमाँट अहवालाने व्यक्तीचा आदर, हितसाधन आणि न्याय ही तीन तत्त्वे मांडली. समाजाने बहिष्कृत केलेल्यांच्या शरीरावर विद्वानांचे शास्त्र कसे वाढते, याचा हा इतिहास आमच्या वाचकांना परका वाटणार नाही.

दुसरी घटना सिअ‍ॅटल शहरातील. तेथे 1960 नंतर मूत्रपिंड निकामी झालेल्या रोग्यांना रक्तशुद्धीकरणाने जगविता येऊ लागले. पण यंत्रे थोडी आणि रोगी पुष्कळ. निवड करण्यासाठी सात नागरिकांची समिती नेमली गेली. ती रोग्याचे उत्पन्न, कुटुंब, चर्चमधील सहभाग आणि समाजाला होणारा उपयोग पाहत असे. 1962 मध्ये एका मासिकातील लेखाने हे उजेडात आणले आणि मोठे वादळ उठले. अतिसारग्रस्त भिक्षूचे शब्द येथे पुन्हा ऐकू येतात : मी उपयोगी नाही. या कोड्याचा शेवट कसा झाला, हे विशेष आहे. समिती अधिक शहाणी झाली म्हणून ते सुटले नाही. 1972 च्या कायद्याने या उपचाराचा खर्च केंद्र सरकारने उचलला आणि रांगेतील निवडीचे कारणच बव्हंशी संपले. जीवकाच्या दाराचा प्रश्न येथेही अशोकाच्या मार्गाने सुटला.

यानंतर नीतितज्ज्ञ हा व्यावसायिक झाला. 1998 मध्ये अमेरिकेत त्यांची संघटना स्थापन झाली आणि 2014 मध्ये सल्लागार नीतितज्ज्ञांसाठी आचारसंहिता आली. व्यवसाय म्हटला की वेतन आले, वेतन म्हटले की वेतन देणारा आला. म्हणूनच आरंभी विचारलेला प्रश्न अधिक तीव्र होतो.

आपल्याकडील स्थिती

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 1980 मध्ये पहिले धोरणपत्र काढले. 2000, 2006 आणि 2017 मध्ये विस्तृत मार्गदर्शक तत्त्वे आली. 1993 पासून मुंबईतून वैद्यकीय नीतीला वाहिलेले नियतकालिकही निघत आहे. 2019 च्या नियमांनुसार औषधचाचणीच्या नीतिसमितीत किमान सात सदस्य, त्यांपैकी निम्मे तरी संस्थेबाहेरचे, एक स्त्री, एक कायदेतज्ज्ञ आणि एक सामान्य नागरिक असणे आवश्यक आहे. कागदावर ही व्यवस्था चांगली आहे.

परंतु 2009 मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत 10 ते 14 वर्षांच्या सुमारे 24,000 मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्यात आली. त्यांत आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. सात मुलींचे मृत्यू पुढे आल्यावर एप्रिल 2010 मध्ये प्रकल्प स्थगित झाला. मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही आणि ती लस उपयुक्त आहे, हे येथे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. पण पालकांच्या जागी वसतिगृहांच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी संमतिपत्रांवर सह्या केल्या होत्या. संसदीय स्थायी समितीने 2013 च्या अहवालात यावर कठोर ताशेरे ओढले. नीतिसमित्या अस्तित्वात होत्या; ज्या मुलींच्या दंडात सुई गेली त्यांच्यापर्यंत त्या पोहोचल्या नव्हत्या.

आम्ही स्वतः काही वर्षे एका नीतिसमितीत अवैद्यकीय सदस्य म्हणून बसत होतो. एकदा मराठी संमतिपत्र आमच्यापुढे आले. त्याची भाषा इतकी बोजड होती की पालीच्या अट्ठकथा वाचण्याची सवय असूनही आम्हांला एक परिच्छेद तीनदा वाचावा लागला. आम्ही हरकत घेतली तेव्हा मुदत जवळ आल्याचे सांगण्यात आले आणि आम्ही गप्प बसलो. काही दिवसांनी व्हरांड्यात एका रुग्णाच्या पत्नीने तोच कागद पुढे करून आम्हांला विचारले, ‘‘साहेब, यावर अंगठा दिला तर औषध फुकट मिळेल ना?’’ त्या क्षणी मगधातील ते लोक आमच्यासमोर उभे राहिले. त्यांनी चीवर धारण केले होते, ही बाई अंगठा देत होती. कारण एकच. आमचे गप्प बसणे ही आमची आपत्ती होती, आणि ती देशना म्हणून येथे प्रकट करणे आम्हांला उचित वाटते.

चार अगती

संघात एखाद्या कामासाठी भिक्षूची नेमणूक करताना विनय पहिली अट घालतो ती अशी की, तो छंद, द्वेष, मोह आणि भय या चार अगतींनी जाणारा नसावा. नीतितज्ज्ञाच्या व्यवसायाची याहून नेमकी कसोटी आम्हांला सुचत नाही. आपल्या संस्थेविषयी ममत्व हा छंद. अशिक्षित रुग्णाविषयीचा तिटकारा हा द्वेष. नियमांचे कागद पुरे झाले म्हणजे नीती पुरी झाली असे वाटणे हा मोह. आणि पुढच्या वेळी आपल्याला बोलावणार नाहीत ही धास्ती हे भय. आमच्या वरील प्रसंगात आम्ही चौथ्या अगतीने गेलो होतो.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या 1957 मध्ये प्रकाशित झालेल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात भिक्षूविषयी एक मूलगामी प्रश्न उपस्थित केला आहे. भगवंतांना भिक्षूच्या रूपाने केवळ परिपूर्ण मनुष्य घडवावयाचा होता, की समाजसेवक? हाच प्रश्न नीतितज्ज्ञाला लागू पडतो. केवळ निर्दोष अभिप्राय लिहिणारा विद्वान रांग नीट लावील. रांगेत कोण सतत शेवटी राहतो आणि दार इतके अरुंद का, हे विचारणारा समाजसेवक मात्र शासनाकडे, लोकांकडे आणि प्रसंगी न्यायालयाकडे जाईल. पहिले काम त्याच्या व्यवसायाचे, दुसरे त्याच्या दायित्वाचे. आणि दुसऱ्यावाचून पहिले म्हणजे दाराशी उभे असलेल्या पहारेकऱ्याचे काम होय.

आमच्या विहारांनीही येथे काही करण्याजोगे आहे. नीतिसमितीतील सामान्य नागरिकाची जागा बहुधा संस्थेच्या ओळखीच्या सद्गृहस्थाकडे जाते. आपल्या वस्त्यांतील शिकलेल्या स्त्रीपुरुषांनी ती जागा मागावी, संमतिपत्रे वस्तीच्या भाषेत मोठ्याने वाचून घ्यावीत आणि न कळलेल्या शब्दाशी अडून बसावे. उपालीचे वारस म्हणविणाऱ्यांना निवाड्याच्या आसनाचा संकोच वाटण्याचे कारण नाही. तसेच विहारात वर्षावासाच्या काळात महावग्गातील गिलानप्रसंगाचे वाचन होते, त्या दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यातील अनाथ रुग्णाची विचारपूस व्हावी. मगधातील त्या रोग्यांचे पुढे काय झाले हे ग्रंथाने सांगितले नाही. आपल्या दारातील रोग्यांचे काय झाले हे मात्र आपल्याला सांगावे लागेल.